नको असलेले फोन: कोणाला कुठे अडवायचं

दुपारी जरा डोळा लागतो आणि फोन वाजतो. "सर, कर्जतला एनए प्लॉट आहेत, फक्त दोन मिनिटं बोलू का?" बहुतेक लोक फोन ठेवतात आणि नंबर ब्लॉक करतात. दुसऱ्या दिवशी तेच प्लॉट, तोच आवाज, नंबर मात्र वेगळा. पुन्हा ब्लॉक. असे शेकडो ब्लॉक केलेले नंबर ज्यांच्या फोनमध्ये पडून आहेत आणि तरीही ज्यांचा फोन वाजायचा थांबत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरातल्या आई-वडिलांचे फोन ज्यांना सांभाळावे लागतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

ब्लॉक केलेला नंबर तुमच्या एका फोनपुरता गप्प होतो. ही गोष्ट ना तुमच्या टेलिकॉम कंपनीला कळते, ना ट्रायला, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला. तक्रार मात्र मोजली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम कडक केले. आधी टेलिमार्केटर म्हणून नोंदणी नसलेल्या एखाद्या नंबरविरुद्ध ७ दिवसांत १० तक्रारी आल्या तर कारवाई व्हायची. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरतात. कारवाईला पूर्वी ३० दिवसांची मुदत होती, ती ५ दिवसांवर आली. म्हणजे एका नंबरवरून शे-दोनशे जणांना फोन गेले आणि त्यातल्या पाच जणांनी तक्रार केली, तरी तो नंबर अडचणीत येतो. पण ते दोनशेही जण नुसतं ब्लॉक करून मोकळे झाले, तर त्या नंबरच्या खात्यावर एकही तक्रार पडत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी तक्रार, मग ब्लॉक.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळे नकोसे फोन एका जातीचे नसतात. नोंदणीकृत टेलिमार्केटर, चोरून विकणारा दलाल, तुमचीच बँक, वसुलीवाला, भामटा आणि मुद्दाम छळणारा माणूस, या प्रत्येकासाठी दार वेगळं आहे. चुकीच्या दारावर कितीही वेळ थांबलात तरी काम होत नाही.

पायरी १: नंबर वाचायला शिका

फोन उचलण्याआधी दोन सेकंद नंबराच्या सुरुवातीकडे बघायची सवय लावून घ्या.

१४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणीकृत जाहिरातीचा कॉल. हे लोक निदान नियमात बसून त्रास देतात आणि पायरी २ मधल्या उपायाने ते आटोक्यात येतात.

१६०० ने सुरू होणारी मालिका बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या सेवा-कॉलसाठी राखून ठेवली आहे. कार्डवर संशयास्पद व्यवहार झाला, हप्ता थकला, अशा कारणांसाठीचे हे फोन असतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, की ग्राहकाला सेवेसाठी फोन करायचा तर १६०० वरून करा आणि काही विकायचं असेल तर १४० वरून. तेव्हा "तुमच्या बँकेतून बोलतोय" म्हणणारा साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल, तर पहिल्याच वाक्याला कान टवकारा. आणि नंबर १६०० चा असला, तरी ओटीपी कोणालाच सांगायचा नाही.

साधा दहा आकडी मोबाइल नंबर हीच खरी डोकेदुखी. १४० दिसलं की लोक उचलत नाहीत हे विकणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं, म्हणून त्यांनी साधी सिमकार्डं घेऊन त्यावरून धंदा सुरू केला. हे बेकायदा आहे. पण कुरिअरवाला, शाळेची बस, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, सोसायटीचा वॉचमन हे सगळेही अशाच नंबरांवरून फोन करतात, त्यामुळे "अनोळखी नंबर उचलायचाच नाही" हा सल्ला ऐकायला बरा असला तरी घर चालवणाऱ्याला परवडत नाही.

नंबराच्या आधी अधिकचं चिन्ह असेल आणि पुढे ९१ नसेल, तर फोन परदेशातून आलाय. नातेवाईक बाहेरदेशी नसतील तर उचलायची गरज नाही. एक रिंग वाजून बंद पडला तर परत लावायचा तर मुळीच नाही. काही नंबरांवर कॉल परत लावला की मोठा आयएसडी आकार पडतो आणि त्यातला वाटा समोरच्याला मिळतो. मिस्ड कॉल देण्यामागे हेच गणित असतं.

एसएमएसचंही असंच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर लागतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेच्या नावाने आलेला "केवायसी अपडेट करा" हा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

फोन उचलला आणि पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता, मग एकदम कॉल सेंटरचा गलका, किंवा काहीच न बोलता फोन कट, असं होतं तेव्हा अनेक ज्येष्ठ मंडळी घाबरतात. कोणीतरी घरावर पाळत ठेवतंय असंही त्यांना वाटतं. बहुतेक वेळा हे ऑटो-डायलरचं काम असतं. हे यंत्र एकाच वेळी अनेक नंबर फिरवतं आणि जो आधी उचलेल त्याला मोकळ्या एजंटशी जोडतं. एजंट मोकळा नसला की तुमच्या वाट्याला शांतता येते.

पायरी २: डीएनडी

'डू नॉट डिस्टर्ब' नोंदणीची सोय देशात २००७ च्या नियमांपासून आहे. ती अनेकांनी कधीतरी केलेली असते, पण नंतर नंबर बदललेला असतो किंवा सिम दुसऱ्या कोणाच्या नावावर असतं. म्हणून एकदा पुन्हा तपासून घ्या.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच फोनवरून १९०९ ला कॉल करणं. फुकट आहे. भाषा निवडा आणि सूचना ऐकत जा. एसएमएसने करायचं असेल तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'स्टार्ट' लिहा, एक जागा सोडून शून्य लिहा आणि १९०९ वर पाठवा. शून्य म्हणजे सगळंच बंद. सगळं बंद नको असेल तर आठ वर्ग आहेत: बँक-विमा-कर्ज, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि गाड्या, दूरसंचार-मनोरंजन-आयटी, पर्यटन आणि खाद्यपदार्थ. माझं मत विचाराल तर वर्ग निवडत बसू नका. हॉटेलच्या सवलतीचा मेसेज न आल्याने आजवर कोणी उपाशी राहिलेलं नाही.

ट्रायचं डीएनडी ॲप आहे आणि प्रत्येक टेलिकॉम कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही ही सोय असते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र १९०९ चा कॉलच बरा. त्यांच्या शेजारी बसून करा आणि दुहेरी सिम असेल तर दोन्ही नंबरांवरून करा. दुसरं सिम सगळेच विसरतात.

घरात लँडलाइन असेल तर त्याच लँडलाइनवरून १९०९ लावा. आजकाल फायबर इंटरनेटबरोबर जो लँडलाइन नंबर फुकट मिळतो, तोही यात धरा; तो आपल्याला आहे हेही पुष्कळांना माहीत नसतं आणि वाजायला लागला की नवल वाटतं. लँडलाइनला नंबर दाखवणारा सेट नसेल तर तो घ्या. नंबर कळल्याशिवाय पुढची पायरी जमणार नाही.

आता नेहमीचा प्रश्न. डीएनडी लावल्यावर ओटीपी, बँकेचे मेसेज, गॅस सिलिंडरचा कोड, रेल्वेच्या तिकिटाचे मेसेज बंद होतात का? नाही. हे व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज आहेत, डीएनडी त्यांना हात लावत नाही. या भीतीपोटी कित्येक घरांत वर्षानुवर्षं डीएनडी लावलेलं नसतं.

उलट बाजूही माहीत असू द्या. डीएनडीने फक्त व्यापारी जाहिराती अडतात. निवडणुकीच्या दिवसांत नेत्याच्या आवाजात वाजणारे रेकॉर्ड केलेले फोन, सर्वेक्षणं आणि सरकारी योजनांचे मेसेज हे व्यापारी जाहिरातीत मोडत नाहीत, त्यामुळे ते येतच राहतात. तिथे ब्लॉकशिवाय फारसा इलाज नाही.

पायरी ३: तक्रार, तीही नेमकी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त कंटाळा लोक इथेच करतात.

तक्रारीला चार गोष्टी लागतात: फोन करणाऱ्याचा नंबर, तुमचा नंबर, तारीख आणि काय विकत होते याची एक ओळ. फोन आल्यापासून ७ दिवसांच्या आत तक्रार करायची; पूर्वी ही मुदत ३ दिवसांची होती. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी लागलेलं असण्याचीही अट आता उरलेली नाही. १९०९ ला कॉल करून, एसएमएस पाठवून, ट्रायच्या डीएनडी ॲपवरून किंवा तुमच्या टेलिकॉम कंपनीच्या ॲपवरून तक्रार करता येते. एसएमएस करायचा तर कोणता कॉल ते एका ओळीत लिहा, स्वल्पविराम देऊन त्याचा नंबर, मग स्वल्पविराम देऊन तारीख. ॲप त्याहून सोपं पडतं, कारण कॉलच्या यादीतून नंबर निवडला की अर्धं काम होतं.

त्या एका ओळीत काय लिहिता यावर पुष्कळ अवलंबून असतं. "त्रास देतात" एवढंच लिहून भागत नाही. कोण विकतंय आणि काय विकतंय, हे आलं पाहिजे: अमुक बिल्डरचा तमुक प्रकल्प, अमुक बँकेचं वैयक्तिक कर्ज. त्यासाठी तीस सेकंद फोनवर थांबावं लागतं. चिडू नका. पलीकडे बहुधा कमी पगारावर बसलेली विशीतली पोरं असतात. त्यांना झापून तुमचा फोन बंद होणार नाही, कारण यादी त्यांच्या हातात नसते. शांतपणे दोन प्रश्न विचारा: "कुठल्या कंपनीकडून बोलताय? प्रकल्पाचं नाव काय?" माल विकायला बसलेला माणूस नाव सांगतोच. काही मंडळी "मराठीत बोला" म्हणतात आणि पलीकडून फोन कट होतो. यात मजा आहे, पण नाव हाती लागत नाही.

नाव का हवं? कारण सिम बदलतं, बिल्डर बदलत नाही. कर्ज आणि क्रेडिट कार्डांच्या बाबतीत मध्ये एजंट असतात. तुम्ही बँकेकडे गेलात की "हा आमचा माणूस नाही, बाहेरच्या एजन्सीचा असेल" असं उत्तर मिळू शकतं. तक्रारीत बँकेचं नाव आणि एजंटाचा नंबर दोन्ही एकत्र नोंदलेलं असेल, तर हे ढकलणं अवघड जातं. फोन संपल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर ब्रोशर पाठवलं तर उत्तमच. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यापेक्षा चांगला पुरावा ते स्वतःहून देणार नाहीत.

तक्रार केल्यावर तिचा क्रमांक येतो. तो जपून ठेवा. दोष सिद्ध झाला तर नोंदणी नसलेल्या माणसाचे पहिल्या वेळी १५ दिवस बाहेर जाणारे कॉल बंद होतात. पुन्हा केलं तर त्याच्या नावावरचे सगळे नंबर वर्षभरासाठी तोडले जातात आणि त्याचं नाव काळ्या यादीत जातं. हे कागदावरच राहतं असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने आदेश काढल्यावर काही आठवड्यांतच पावणेतीन लाख नंबर तोडले गेले आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या.

कधी कधी "तुम्ही या कंपनीला संमती दिली होती" असं सांगून तक्रार फेटाळली जाते. तसं झालं तर पायरी ४ वाचा. संमती दिलीच नसेल तर तुमच्याच टेलिकॉम कंपनीच्या अपील विभागाकडे तक्रार क्रमांकासह पुन्हा लिहा. थेट ट्रायकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, ती टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवते.

पायरी ४: आपणच उघडलेली दारं

घर शोधताना मालमत्तेच्या साइटवर नंबर टाकला. कार विम्याचा भाव बघायला नंबर टाकला. कर्ज मिळेल का ते तपासलं. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं. प्रत्येक ठिकाणी खाली बारीक अक्षरांत एक चौकट होती, आधीच टिक केलेली: "आम्ही आणि आमचे भागीदार आपल्याशी संपर्क साधू शकतो." भागीदार किती, ते कोणी लिहीत नाही. तुम्ही डीएनडीवर असलात तरी या संमतीच्या आधारे फोन येऊ शकतो.

संमती मागे घेता येते. जाहिरातीच्या प्रत्येक एसएमएसमध्ये बाहेर पडण्याची सोय देणं आता बंधनकारक आहे, आणि तुम्ही एकदा बाहेर पडलात की ९० दिवस ती कंपनी तुमच्याकडे पुन्हा संमती मागू शकत नाही. बँकेच्या बाबतीत नेट बँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये शोधा. 'मार्केटिंग कॉल नको' अशा अर्थाचा पर्याय पुष्कळ बँकांत असतो. सापडला नाही तर शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या: "माझ्या खात्याशी संबंधित आवश्यक सूचना सोडून इतर कोणत्याही उत्पादनाच्या विक्रीसाठी मला फोन करू नये." एक प्रत शिक्का मारून परत घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा फोन चालूच राहिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथल्या मदतीसाठी १४४४८ हा नंबर आहे. नुसत्या "लोकपालाकडे जाईन" या वाक्यानेही शाखेतल्या हालचालींना वेग येतो.

विम्याच्या फोनांत एक जुना डाव आहे. "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या बंद पॉलिसीचा बोनस अडकलाय, आधी एक नवी पॉलिसी घ्या." आयआरडीएआय ही विम्याची नियामक संस्था आहे. ती पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. हा फोन निवृत्त माणसांना हमखास येतो. विमा कंपनीविरुद्ध खरी तक्रार असेल तर १५५२५५.

पुढे नंबर देताना हात आखडता घ्या. औषधाच्या किंवा कपड्याच्या दुकानात बिलासाठी नंबर मागतात तेव्हा "नंबर नाही देत, बिल छापून द्या" असं सांगा. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, की नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. अर्ज, सर्वेक्षणं आणि नोंदणी यांसाठी एखादं जुनं सिम वेगळं ठेवता येत असेल तर ठेवा. ओटीपी, बँक आणि आधार ज्या नंबरवर आहेत तो नंबर गावभर वाटायचा नसतो.

दुसऱ्याच्या कर्जाचे फोन

हा प्रकार वेगळा काढून सांगतो, कारण यात माणूस खरंच हैराण होतो. शेजाऱ्याने, चुलत भावाने किंवा जुन्या सहकाऱ्याने कर्ज घेताना संदर्भ म्हणून तुमचा नंबर दिला आणि हप्ता थकल्यावर वसुलीवाले तुमच्यामागे लागले. तुम्ही जामीनदार म्हणून सही केली नसेल तर त्या कर्जाशी तुमचा काही संबंध नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या माणसांना छळायचं नाही.

फोनवर वाद घालू नका. "मी कर्जदार नाही, जामीनदार नाही, माझा नंबर काढून टाका" हे एकदा बोला आणि तेच कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने कळवा. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडा, वेळा दिसल्या पाहिजेत. पुढचा मार्ग तोच: ३० दिवस, मग लोकपाल. शिवीगाळ किंवा धमकी झाली तर वाट बघू नका, पोलिसांकडे जा.

फसवणुकीचा वास आला तर

इथे १९०९ चा उपयोग नाही. भामट्याला डीएनडीची पर्वा नसते.

पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा ॲपवर 'चक्षू' नावाची सोय आहे. मार्च २०२४ मध्ये ती सुरू झाली. कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची माहिती तिथे देता येते. पैसे गेले असतील तर चक्षू भरत बसू नका, ताबडतोब १९३० लावा. ही सायबर गुन्ह्यांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाऊन काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. लाज वाटून, मुलांना कसं सांगायचं म्हणून रात्रभर गप्प बसलेल्यांचे पैसे मात्र तोवर चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात.

घरातल्या सगळ्यांना ओळखता यावेत असे काही डाव:

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा." महावितरणच्या नावाने फिरणारा हा मेसेज खासगी मोबाइल नंबरवरून येतो. फोन केला की कुठलंसं ॲप डाउनलोड करायला सांगतात आणि त्यातून तुमची स्क्रीन त्यांना दिसू लागते. बिलाची खरी शंका असेल तर १९१२.

"तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मुंबई क्राइम ब्रँचकडे फोन जोडतो." मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, आणि "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोलायचं नाही." असा कुठलाही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे 'तपासायला' मागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनाही यावर बोलावं लागलं, इतकं हे पसरलंय. फोन ठेवून द्या. काहीही होत नाही.

"तुमचं नेटवर्क सुधारायचंय, *४०१* दाबून हा नंबर लावा." यामुळे तुमचे कॉल त्यांच्या नंबरवर वळतात आणि फोनवरून येणारे ओटीपीही त्यांनाच ऐकू जातात. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने अशा कोडवरून कॉल वळवण्याची सोय बंद करायला सांगितली होती. तरी फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून तिथे अनोळखी नंबर नाही ना, ते एकदा बघा.

"दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा." ट्राय किंवा दूरसंचार विभाग असे फोन करत नाहीत. दाबायचं असेल तर लाल बटण दाबा.

संचार साथीवर गेलाच आहात तर आणखी एक गोष्ट करा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, हे तिथे ओटीपी टाकून दिसतं. तुम्ही न घेतलेला नंबर त्यात असेल तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवा. तुमच्या कागदपत्रांवर काढलेल्या सिमवरून दुसरं कोणी लोकांना फोन करत असेल, तर चौकशी तुमच्या दारात यायला नको.

मुद्दाम छळणारा माणूस

अश्लील बोलणं, धमक्या, रात्री-अपरात्री पुन्हा पुन्हा फोन, हा पोलिसांचा विषय आहे. बाईचा नकार कळूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो. निनावी धमकीला कलम ३५१ लागू होतं. कॉल लॉग पुसू नका, मेसेज डिलीट करू नका, तारीख-वेळ वहीत लिहा. ठाण्यात "नंबर ब्लॉक करा ना" असं सांगून बोळवण होऊ लागली, तर लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. तातडीचं असेल तर ११२.

फोनमधली सेटिंग

हे शेवटी ठेवलं, कारण यात आराम आहे, इलाज नाही.

गुगलचं फोन ॲप असलेल्या अँड्रॉइडमध्ये 'कॉलर आयडी आणि स्पॅम' ही सेटिंग चालू करा. संशयित कॉल लाल दिसतो किंवा वाजतच नाही. आयफोनमध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' आहे, पण ते सरसकट सगळ्या अनोळखी नंबरांना गप्प करतं. घरात आजारी माणूस असेल, मूल शाळेत जात असेल, नोकरीच्या मुलाखतीचा फोन अपेक्षित असेल, तर ते लावू नका. झोपेच्या वेळेपुरतं लावायचं असेल तर फोनमधल्याच 'डू नॉट डिस्टर्ब'ची (पायरी २ मधल्या नोंदणीची नव्हे) वेळ ठरवा आणि घरच्यांचे नंबर त्यातून वगळा.

व्हॉट्सॲपच्या कॉलवर ट्रायचा नियम चालत नाही. तिथे सेटिंग, प्रायव्हसी, कॉल्स असं जाऊन अनोळखी कॉल गप्प करा. हे मात्र सगळ्यांनी बिनधास्त लावावं. दवाखाना किंवा कुरिअरवाला एरवीही साधाच फोन करतो.

ट्रूकॉलरसारख्या ॲपने नाव दिसतं, हे खरं. पण अशा ॲपला तुमच्या संपर्कयादीची परवानगी द्यायची का, हे नीट ठरवा. त्या यादीत तुमच्याखेरीज शेकडो लोकांचे नंबर असतात आणि त्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. आता एअरटेलसारख्या कंपन्या नेटवर्कवरूनच 'संशयित स्पॅम' असं दाखवतात, त्यामुळे वेगळ्या ॲपची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. शिवाय ॲपवर दिसणारं नाव लोकांनी सेव्ह केलेलं असतं. "एसबीआय हेड ऑफिस" असं दिसलं म्हणून तो बँकेचा फोन ठरत नाही.

आई-वडील वेगळे राहत असतील तर त्यांच्या फोनमध्ये १९३० आणि तुमचा नंबर स्पीड डायलवर घालून द्या. फोनजवळ एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा: ओटीपी सांगायचा नाही, ॲप घ्यायचं नाही, पैशांचं काही असेल तर आधी घरी फोन. कागद मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवा, आणि लँडलाइनच्या वर, चष्मा न शोधता वाचता येईल अशा उंचीवर. दर रविवारच्या फोनवर "या आठवड्यात कोणाकोणाचे फोन आले?" हे विचारून घ्या आणि सात दिवसांच्या आतल्या कॉलची तक्रार त्यांच्याच ॲपवरून कशी करायची, ते त्यांना बोलत बोलत सांगा.